खिंडीतली डहाळी

खिंडीतल्या झाडाला दोन डहाळ्या लटकत होत्या. एक माझी, सकाळी साडेसहाला बांधलेली. दुसरी मामाची. दोन्ही किनाच्या झाडाच्या, जाड चकचकीत पानांच्या, कारण नेल्लिओय गावात प्रत्येक घराचं पान ठरलेलं आहे आणि मामाच्या घराचं पान किनाचं. म्हाताऱ्या अप्पुहामी सीयांच्या, म्हणजे गावाच्या आजोबांच्या, घरचं दालचिनीचं, रन्मेनिके अक्काच्या घरचं फणसाचं. मी मामाकडे राहून काम करायचे, म्हणून माझंही किनाच. फक्त मी माझी डहाळी झाडांवर खुणा करायच्या लाल फितीने बांधायचे आणि मामा कितुल माडाच्या तंतूने.

वर जाताना डहाळी बांधायची, म्हणजे ऐयनायक देवाला कळतं की अमुक घरचा माणूस रानात आला आहे. उतरताना ती सोडून झाडाच्या मुळाशी ठेवायची. लटकती डहाळी म्हणजे माणूस अजून वर. संध्याकाळी जो शेवटी उतरतो तो फांद्यांकडे बघतो, आणि काही लटकत असेल तर गावात सांगतो. मग चार जण टॉर्च घेऊन निघतात. देवाचं मला ठाऊक नाही, पण माणसं मोजायची याहून चांगली पद्धत मी विद्यापीठातही पाहिलेली नाही.

मामाच्या डहाळीत त्या दिवशी आणखी काहीतरी बांधलेलं होतं. एक वीतभर फांदी, बारीक पानांची, कडा खाली वळलेल्या, आणि काडीला चिकटून निळ्या फुलांचे झुबके.

मी पाठीवरची पिशवी खाली ठेवली.

ही फांदी मी दोन वर्षं शोधत होते. पेरादेणियाच्या वनस्पती संग्रहात हिचा एकच कागद आहे, एकशे तीस वर्षांपूर्वीचा, त्यावर चार पानं चिकटवलेली. फूल नाही, फळ नाही. कोरकहच्या कुळातलं झुडूप, म्हणजे अंजनीच्याच नात्यातलं, पण नक्की कोणतं ते फूल पाहिल्याशिवाय सांगता येत नव्हतं. सरांच्या मते ते कधीच संपलं होतं. मला तसं वाटत नव्हतं. दुंबरच्या डोंगररांगेत खिंडीच्या एका बाजूला जेवढा पाऊस पडतो त्याच्या दुपटीहून जास्त दुसऱ्या बाजूला पडतो, आणि मध्ये चालायला अर्धा दिवसही लागत नाही. वरच्या धारेवर वाऱ्यामुळे झाडं माझ्या खांद्याएवढीच वाढतात. एका सुळक्यावर नाकावर पानासारखं टोक असलेला सरडा दर दहा पावलांवर दिसतो आणि समोरच्या सुळक्यावर एकही नसतो. आमचा देश बेट आहे, आणि ढगांच्या वर आलेला प्रत्येक सुळका हे त्या बेटावरचं आणखी एक बेट. तिथे एखादं झुडूप सव्वाशे वर्षं कुणाच्या नजरेला न पडता जगू शकतं.

आदल्या संध्याकाळी मी मामाला त्या जुन्या कागदाचा फोटो पुन्हा दाखवला होता. तो कितुलचा गूळ चघळत, चहाचा पेला गुडघ्यावर धरून बसला होता. तोच गुडघा त्याला दोन महिने त्रास देत होता.

"हे मी पाहिलंय," तो म्हणाला.

"मागच्या वेळीही हेच म्हणालास. आणि मला चहाचं झुडूप दाखवलंस."

"ते तुझी परीक्षा घ्यायला. चार वर्षं सरकारच्या पैशाने शिकलीस, चहा ओळखतेस की नाही ते नको बघायला?"

मामी चुलीपाशी हसली. "परीक्षा कसली. चष्मा नव्हता लावला."

"पण मामा, नुसतं फूल मिळून भागणार नाही," मी म्हणाले. "फळही पाहिजे. त्याशिवाय कुणी मानणार नाही."

"फूल पाहिजे, फळ पाहिजे, पान पाहिजे, फांदी पाहिजे. मुळं तेवढी झाडाला ठेवशील ना?" मग थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखा, "वाऱ्याच्या बाजूला आधी फुलतं सगळं. खाली फूल असेल तेव्हा तिथे फळ धरलेलं असतं."

"तू वर येऊ नकोस उद्या. गुडघा बघ आधी."

"मी कुठे येतोय," तो म्हणाला.

खिंडीत उभी राहून मी हे सगळं जुळवलं. माझ्या मागून तो निघाला होता, खिंडीखालच्या ओढ्यात त्याला फूल सापडलं होतं, मी उतरताना मला दिसावं म्हणून त्याने ते आपल्या डहाळीबरोबर बांधलं होतं, आणि तो उजवीकडच्या वाटेने वाऱ्याच्या बाजूला गेला होता. मी दिवसभर डावीकडे होते, म्हणून आमची गाठ पडली नाही. मी दोनदा हाक मारली. वारा तोंडावर होता, हाक माझ्यामागेच गेली.

दुपारचे पावणेतीन झाले होते. साडेचारची बस चुकली तर दुसरी सकाळी, आणि तोवर फुलांचा रंग गेला असता. मी मामाची गाठ सोडली. ती सहज सुटेना, दातांनी ओढावी लागली. निळी फांदी वेगळी करून पिशवीतल्या कागदांत ठेवली. किनाची डहाळी पुन्हा त्याच फांदीला लावली. बोटं थंडीने जड झाली होती आणि मामाची गाठ मला येत नव्हती, म्हणून बुटांच्या नाड्या बांधतात तशी दोन फासांची गाठ मारली. मग माझी डहाळी सोडून मुळाशी ठेवली आणि उतरले. पळतच उतरले म्हणायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी बारा वाजून दहा मिनिटांनी मामीचा फोन आला तेव्हा सर भिंगातून फुलाकडे बघत होते. "इरेशा, हे तेच," असं ते नुकतंच म्हणाले होते.

मामा वाऱ्याच्या बाजूच्या एका घळीत सापडला. मांडीचं हाड मोडलं होतं. पडल्यावर तो तीसेक मीटर सरपटत वर आला होता, वाटेच्या दिशेने. डॉक्टरांच्या अंदाजाने पडला दुपारी चारच्या सुमाराला आणि गेला पहाटे. ती जागा खिंडीपासून सातशे मीटरवर आहे. मी नंतर मोजली.

अंत्यसंस्काराच्या दिवशी अंगणात पांढऱ्या कपड्यांतली माणसं बाकांवर बसली होती. अप्पुहामी सीया, ज्यांच्यावर त्या संध्याकाळी फांद्या बघायची पाळी आली होती, ते तिसऱ्यांदा तेच सांगत होते. "साडेपाचला मी खिंडीत होतो. वर काही नव्हतं. उक्कु बंडाची डहाळी खाली मुळाशी पडली होती, पानं ताजी. मी म्हटलं, उतरला. बिसो मेनिके नवऱ्याची चौकशी करायला आली तेव्हा तिलाही तेच सांगितलं. ओढ्याच्या वाटेने पलीकडच्या गावात गेला असेल, म्हटलं."

"मग उतरून परत वर गेला म्हणायचा," कुणीतरी म्हणालं.

पुढचं बोलायची गरज नव्हती. डहाळी सोडून परत वर जायचं काम फक्त एकाच प्रकारचे लोक करतात. उजवीकडच्या वाटेला जुन्या वेलदोड्याच्या बागा आहेत. रान राखीव झाल्यापासून तिथे जायला बंदी आहे, वेलदोडे मात्र अजून धरतात. चोरून काढणारे डहाळी सोडून ठेवतात, म्हणजे खिंडीतून जाणाऱ्या पहारेकऱ्याला वर कुणी आहे हे कळत नाही. देवालाही फसवलं आणि माणसालाही, असं गावात म्हणतात. अशा माणसाला काही झालं तर त्याचा दोष त्याच्याकडेच.

मी अंगणात उभी होते, हातात लोकांना द्यायच्या चहाचा ट्रे. अप्पुहामींनी "मुळाशी" हा शब्द उच्चारला तेव्हाच मला समजलं. दोन फासांची गाठ, एका बाजूने ओढली की सुटणारी. आणि जानेवारीतला खिंडीतला वारा. मी ट्रे पुढच्या माणसापुढे धरला.

माणूस जाऊन तीन महिने झाले की त्याच्या नावाने भिक्खूंना जेवण देतात, त्या दानासाठी एप्रिलच्या शेवटी मी परत गेले. त्या वर्षी मामाच्या घरात एप्रिलमधल्या नव्या वर्षाचे गोड, तेलातले कव्वुम तळले नव्हते. शेजाऱ्यांनी आणून दिलेले डब्यात तसेच होते. विहारातले भिक्खू अकराला येणार होते, म्हणून सकाळपासून बायका नारळ खवत होत्या, कोवळा फणस चिरत होत्या. अप्पुहामी सीया अंगणात एका खुर्चीवर बसले होते, डोळ्यांवर नवा, जाड चष्मा.

"सीया, चष्मा शोभतो," मी म्हणाले.

"शोभायला नाही घेतला, पुता," ते म्हणाले, मुलींनाही ते पुताच म्हणायचे, आणि दुसरीकडे बघू लागले.

स्वयंपाकघरात रन्मेनिके अक्काचं तोंड नारळाच्या खवणीपेक्षा जोरात चाललं होतं. "मी काही वाईट बोलत नाही गेलेल्या माणसाबद्दल. पण मी म्हणते, गरज काय होती? मुलगा तिकडे परदेशात कमावतोय, दोघांना पुरेसं आहे. मूठभर वेलदोड्यासाठी..."

"अक्का, फणसाला हळद लावली का?" मामीने विचारलं.

"लावली. मी आपलं मनातलं बोलले."

"मनातलं मनात ठेव. हळद लाव परत, कमी दिसतेय."

बाकीच्या बायका हसल्या, पण मामी हसली नाही. तीन महिन्यांत ती बारीक झाली होती. थोड्या वेळाने तिने हात पुसले आणि मला आतल्या खोलीत बोलावलं. दार लावून तिने कपाटातून मामाची विड्याची पिशवी काढली, जी तो कमरेला खोचायचा. पांढरी, कडेला निळी शिवण, आता चिखलाने तपकिरी.

"इस्पितळातून कपड्यांबरोबर दिली," ती म्हणाली. "मी उघडली नाही. वरून हात लावला तर आत गोल गोल लागतं." तिने पिशवी माझ्या हातात दिली. "तू बघ. तुला कळेल. वेलदोडे असतील तर मला सांगू नकोस, नुसती घेऊन जा."

मी नाडी सोडली. चुना सुकून वडी झाला होता, सुपारीला बुरशी होती. आणि विड्याच्या पानात गुंडाळलेली तीन फळं. वाटाण्याएवढी, जांभळी काळी, सुरकुतलेली, टोकाला छोट्या वाटीसारखी कडा. वेलदोडा लांबट असतो, तीन कडांचा. ही फळं कुणाचीही असली तरी वेलदोड्याची नव्हती. आणि ती कुणाची हे मला माहीत होतं.

"वेलदोडे नाहीत," मी म्हणाले. "ही त्या निळ्या फुलाची फळं आहेत. माझ्यासाठी काढलेली."

मामीने पलंगाची कड धरली आणि बसली. "नक्की?"

"नक्की."

"म्हणजे तो वेलदोड्याला नव्हता गेला."

"नाही."

तिने तोंडावरून हात फिरवला. तिचा चेहरा जरा सैल झाला, आणि तो तसाच राहावा असं मला फार वाटलं. फळं दाखवली, मामाचं नाव निम्मं तरी स्वच्छ झालं, एवढ्यावर थांबता आलं असतं. पण मामी स्वतःच पुढे गेली. "मग डहाळी का सोडली त्याने? फळ काढायला परत वर गेला? डहाळी बांधायला काय झालं होतं?"

"त्याने सोडली नाही, मामी. मी सोडली."

मी सगळं सांगितलं. फूल, बस, थंड बोटं, पुन्हा मारलेली गाठ. बाहेर रन्मेनिके अक्का कुणाला तरी पाणी आण म्हणून ओरडत होती.

माझं सांगून झाल्यावर मामी उठली. खुंटीच्या खाली कितुलच्या तंतूंची जुडी होती, त्यातला एक तंतू तिने ओढला आणि माझ्यापुढे धरला. "कशी बांधलीस दाखव."

मी पलंगाच्या दांडीला दोन फासांची गाठ मारून दाखवली. तिने एक टोक धरून ओढलं. गाठ उकलली. तिने पुन्हा बांधायला लावली, पुन्हा ओढली. मग तोच तंतू घेऊन तिने स्वतः बांधला, एक वेढा, टोक खालून, दुसरा वेढा उलटा, आणि दाताने घट्ट.

"लग्न होऊन आले त्या आठवड्यात शिकवली होती मला," ती म्हणाली. "तुला शिकवली नाही?"

"मी म्हटलं होतं, माझ्याकडे फीत आहे."

तिने मान हलवली. गाठ अंगठ्याने चाचपली. "मी नाही सांगणार कुणाला," ती म्हणाली. "भिक्खू जेवून गेले की लोक बसतील. तू सांग."

साडेबाराला दान संपलं. भांड्यातून पेल्यात पाणी ओतून, ते काठावरून सांडेपर्यंत, मामाला पुण्य दिलं गेलं. भिक्खू गेल्यावर गावची माणसं चटईवर जेवायला बसली. मी पाण्याच्या घड्यापाशी उभी राहिले आणि बोलले. माझा आवाज प्रयोगाचे निष्कर्ष वाचावे तसा येत होता, ते मला ऐकू येत होतं, पण दुसरा आवाज सापडत नव्हता. तीन फळं मी बशीत घेतली होती. बशी हातोहात फिरली. रन्मेनिके अक्काने एक फळ उचलून नाकाशी नेलं, वास नाही म्हणून परत ठेवलं, आणि पदर तोंडाला लावून खाली बघत राहिली.

मला कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

अप्पुहामींनी हातातला घास ताटात ठेवला. "कोणत्या फांदीला होती?"

"पश्चिमेच्या. सगळ्यात खालच्या."

"ती मी बघितली होती. नीट बघितली होती. रिकामी होती." त्यांनी चष्मा काढला आणि दोन्ही डोळे मनगटाने पुसले. "मला वाटलं, मुळाशी होती ती तुझी असेल, त्याची लटकत असणार आणि मलाच दिसली नाही. मेलेला माणूस डहाळी खाली कशी ठेवील? माझेच डोळे गेले, म्हटलं. महनुवर शहरात जाऊन तपासून आलो. डॉक्टर म्हणाला, तुमच्या वयाला ठीक आहेत डोळे, हवा तर घ्या चष्मा. घेतला. तीन महिने झाले, मी खिंडीत गेलो नाही. कुणाला सांगितलं नाही का ते. तू अंगणात होतीस, पुता. मी सांगत होतो तेव्हा चहा दिलास मला."

"हो, सीया."

"साखर जास्त होती," ते म्हणाले. चष्मा त्यांनी परत लावला नाही, खिशात ठेवला. मग ताट तसंच ठेवून उठले, हात धुतले आणि फाटकातून बाहेर पडले. मला वाटलं घरी गेले. संध्याकाळी कळलं की ते खिंडीपर्यंत जाऊन आले होते.

दुपारी माणसं पांगली. मी भांडी घासली, मामीने ती फडक्याने पुसली. तीन फळं तिने एका कागदात बांधून खिडकीत ठेवली होती.

"रुजतील का?" तिने विचारलं.

"नाही. ह्याचं बी ओलं असतानाच रुजतं. पहिल्या दोन आठवड्यांत मातीत गेलं असतं तर. पिशवीत सुकलं ते."

"म्हणजे मी उघडली असती तर."

"तुला कुठे माहीत होतं."

"तुलाही कुठे माहीत होतं," ती म्हणाली, पण माझ्याकडे न बघता, आणि त्यात मला सूट दिल्यासारखं काही नव्हतं. "तुझ्या सरांच्या त्या कागदावर कुणी आणलं ते लिहितात ना?"

"लिहितात. माझं नाव आहे."

"हं."

"बदलते मी."

"बदल." तिने एक पेला पुसून पालथा घातला. "वर धारेवर तुझं यंत्र आहे ना, ऊन, थंडी मोजणारं?"

मी घासणं थांबवलं. ते यंत्र दर तासाला एक आकडा लिहितं. घळीपासून चारशे मीटरवर. मार्चमध्ये, गावात न शिरता, मी त्यातली माहिती काढून घेतली होती आणि तो रकाना पाठ झाला होता, मला तसं करायचं नसतानाही.

"आहे," मी म्हणाले.

"किती होती त्या रात्री?"

"मामी."

"तू सांगायला बसलीस ना आज. मग सांग."

"दुपारी चारला अठरा अंश होती. रात्री दहाला चौदा. पहाटे चारला अकरा पूर्णांक चार. पाऊस होता."

तिने मान हलवली, बाजारात भाव ऐकून घ्यावा तशी. मग दारातून आतल्या खोलीतल्या खुंटीकडे बघितलं. तिथे मामाचा तपकिरी स्वेटर होता, कोपर उसवलेला, तीन महिन्यांपूर्वी जिथे होता तिथेच.

"त्या सकाळी हातात दिला होता मी," ती म्हणाली. "म्हणाला, लगेच येतोय, खिंडीपर्यंतच जातोय. मी परत टांगून ठेवला." तिने फडकं पिळलं आणि दोरीवर टाकलं. "मला अजून तुझ्याकडे बघवत नाही, इरेशा. बघवेल कधीतरी. आता बसची वेळ होईल. फणस उरलाय, खाऊन जा."

मी खाल्लं. ती समोर बसली होती, आणि मी संपवेपर्यंत खिडकीतल्या कागदाच्या पुडीकडे बघत होती. निघताना तिने ती पुडी माझ्या हातात दिली. कितुलच्या तंतूने बांधलेली होती. बसमध्ये मी ती गाठ सोडून बघायचा प्रयत्न केला. सुटली नाही.